विद्यापीठाकडून क्रिकेट खेळलेले कोण कोण आहात? अनुभव टाका

गोदाकाठ
भाच्याची विद्यापीठ संघात निवड झाली. परवा रात्री फोन, "मामा, पात्रता अर्जाला दहावीची सनद लागते का बारावीची?" फोन ठेवला अन् झोपच उडाली.

नांदेडचं विद्यापीठ 1994 चं. त्याआधी आम्हा नांदेड-परभणीवाल्यांना निवड चाचणीला औरंगाबादच. आंतरमहाविद्यालयीन सामने सगळे मॅटिंगवर, म्हणजे खेळपट्टीवर अंथरलेल्या काथ्याच्या चटईवर. पश्चिम विभागाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेला गुजरातेत गेलो तर टर्फ, म्हणजे माती-गवताची खेळपट्टी! मॅटिंगवर कमरेपर्यंत येणारा चेंडू तिथं गुडघ्याच्या वर येईना. मागच्या पायावर खेळणारे आमचे सगळे पायचीत. बाद फेरी, त्यामुळं दुसऱ्या दिवशी परतीची गाडी. वर्षभर ज्याच्यासाठी घाम गाळला ते दुपारच्या चहाआधी खलास. तरी ब्लेझर शिवून घेतला होता बरं का, लग्नातपण तोच घातला.

तुमचं सांगा.

जालना_ऑफस्पिन
दहावीची. जन्मतारखेसाठी मूळ सनद जवळ ठेवायला सांगा, झेरॉक्सवर भागत नाही.

किटची गोष्ट विसरलात मामा. चांगले पॅड दोनच जोड्या. बाद होऊन येणाऱ्यानं सीमारेषेवरच सोडायचे अन् पुढच्यानं तिथंच बांधायचे. लागोपाठ दोन गेले की पंच घड्याळ बघत बसायचे.

बीडची_लेक
पोरांना पॅड तरी होते. आमच्या संघात अकरा भरायला खो-खोच्या पोरी घ्यायच्या. झेल सुटायचे, पण चोरटी धाव कुणाची बिशाद नव्हती घ्यायची 😂 एकीनं तर धावबाद करायला चेंडू फेकलाच नाही, पळत जाऊन यष्ट्या पाडल्या.

लाल_परी
खो-खोवाल्या कुठल्या कॉलेजच्या? माझी बायकोपण बीडची, खो-खोच खेळायची. विचारतो.

तासिकावाला
सगळे हसायलेत, मी जरा वेगळं बोलतो. सलग पश्चिम विभाग खेळलो. 5 टक्के क्रीडा आरक्षण म्हणून भरतीला गेलो. प्रमाणपत्र बघून साहेब म्हणले, हे सहभागाचं हाय, पदक कुठाय? पदक कुठून आणू? मुंबई-पुणे-बडोद्याची पोरं बारमाही टर्फवर खेळणारी. मग बी.पी.एड. केलं, आता तासिका तत्त्वावर शिकवतो. मानधन आलं तर आलं.

जालना_ऑफस्पिन
@तासिकावाला खरंय भाऊ. अन् विद्यापीठातून वर जायचा रस्ताच आता अरुंद झाला. गावसकर विद्यापीठ क्रिकेट गाजवून पुढं गेले तो काळ वेगळा. आमच्या जालन्याच्या विजय झोलनं आसामविरुद्ध नाबाद 451 काढले ते 19 वर्षांखालच्या कूच बिहार करंडकात. तुळजापूरचा हंगरगेकर, बीडचा सचिन धस, सगळे वयोगटातूनच. 2024 च्या 19 वर्षांखालच्या विश्वचषक उपांत्य फेरीत धसनं दक्षिण आफ्रिकेविरुद्ध 96 मारले तेव्हा कॉलेजात जायचं वय त्याचं! आपण बी.ए. पहिल्या वर्षाला पांढरी पँट शिवतो, तोवर गाडी गेलेली असते.

औरंगपुरा
इक्बाल सिद्दिकीचं नाव कुणीच घेईना? औरंगाबादचा आपला. 2001, मोहाली, समोर इंग्लंड. जिंकायला पाचच धावा हव्या होत्या अन् गांगुलीनं ह्या गोलंदाजाला सलामीला धाडलं. विजयाची धाव त्याचीच. कसोटी मात्र तेवढी एकच.

लाल_परी
संजय बांगर बीडला जन्मला अन् रेल्वेकडून खेळला. आपणपण रेल्वेतच खेळलो, जनरल डब्यात, दोन बाकांच्या मधी पेपरच्या बोळ्यानं.

बायको म्हणते ती खो-खोवाली तीच. यष्ट्या पाडलेल्या.

बीडची_लेक
अगं बाई!! नंबर पाठवा तिचा, खाजगीत.

गोदाकाठ
😂😂 तासिकावाले सर, भाच्याला तुमच्याकडं धाडू का दोन दिवस? टर्फवर पुढं पाय टाकायची सवय लागली पाहिजे. इथं सगळं मॅटिंगच.

तासिकावाला
धाडा की. सिमेंटच्या पट्टीवर ओला टेनिस बॉल टाकून घेतो, खाली राहतो तो. मॅटिंग आमचं पार फाटलंय, कुणाकडं जुनं पडलंय का?

वसमतकर
आमच्याकडं हाय एक. सध्या त्याच्यावर हळद वाळवायला टाकलीय. उचलली की घेऊन जा, पांढरी पँट मात्र घालू नका.