कॅसेटचा हिस (टेपचा सततचा 'स्स्स' आवाज) एमपीथ्री करायच्या आधी कापावा का?
कोणीतरी १६ किलोहर्ट्झला लो-पास मारून (म्हणजे त्याच्या वरचा आवाज कापून) मग एमपीथ्री करा म्हटलंय, पण १२८ केबीपीएसला लेम (एमपीथ्री बनवणारा एन्कोडर) स्वतःच साधारण १६-१७च्या वरचं कापतो, वेगळं काही पदरात पडत नाही. फायदा झालाच तर व्हीबीआरमध्ये (गरजेप्रमाणे बिट्स कमी-जास्त वापरणारी पद्धत), कारण एमपीथ्रीत १६च्या वरच्या पट्ट्याला स्वतःचा स्केलफॅक्टरच (त्या पट्ट्यापुरती बारकाई ठरवणारा आकडा) नाही, तिथलं नीट सांभाळायचं तर बाकीच्या पट्ट्यांतही बिट्स ओतावे लागतात आणि फाइल उगाच फुगते (तेही कशासाठी, तर हिससाठी!). बाकी कानाला टोचणारा हिस बराचसा १६च्या खालीच असतो, त्याला ऑडॅसिटी या ऑडिओ एडिटरमध्ये गाण्याआधीच्या रिकाम्या टेपचा नमुना घेऊन नॉइज रिडक्शन मारा, पण हलक्या हाताने हां, नाहीतर झांजा पाण्यात बुडाल्यासारख्या वाजतात. मी तर ६ डीबीच्या वर जातच नाही.