प्रतिसाद: फ्री चर्च ऑफ स्कॉटलंड ज्या फुटीतून निघाले, ती कशावरून पडली?

१८४३ मध्ये स्कॉटलंडच्या राजमान्य चर्चमध्ये, म्हणजे चर्च ऑफ स्कॉटलंडमध्ये, फूट पडली आणि फ्री चर्च ऑफ स्कॉटलंड वेगळे झाले. ही फूट धर्मतत्त्वांवरील मतभेदातून पडली, असे म्हटले जाते. ते मला पटत नाही. वाद मुख्यतः पाळक नेमण्याच्या अधिकाराचा होता. १७१२च्या कायद्याने तो जमीनदार आश्रयदात्यांकडे गेला होता. १८३४ मध्ये महासभेने, म्हणजे चर्चच्या सर्वोच्च सभेने, स्थानिक मंडळीला नको असलेला पाळक नाकारण्याचा अधिकार दिला, परंतु ऑक्टरार्डर या गावच्या पाळकाच्या नेमणुकीवरील खटल्यात न्यायालयांनी तो अमान्य केला, आणि मग चर्चच्या अंतर्गत कारभारात शासनसंस्थेचा शब्द अंतिम मानायचा का, हा प्रश्न टाळणे अशक्य झाले. १८ मे १८४३ रोजी एडिनबर्गमध्ये शेकडो पाळक महासभेतून बाहेर पडले आणि त्यांनी टॉमस चामर्स या पाळकाला आपल्या नव्या चर्चच्या महासभेचे अध्यक्ष निवडले. घर, वेतन, देऊळ, सारेच त्यांनी सोडले होते!

नव्या चर्चच्या वाढीचे श्रेय मात्र मी आवेशापेक्षा चामर्स यांच्या हिशेबी योजनेला देईन: सर्व मंडळ्यांची वर्गणी एका मध्यवर्ती निधीत जमा होई आणि तीतून गरीब खेड्यांतील पाळकांनाही वेतन मिळे.

मुंबईचे जॉन विल्सन यांच्यासह भारतातील स्कॉटिश मिशनरीही नव्या चर्चमध्ये गेले; नागपूरला स्टीफन हिस्लॉप याच चर्चचे होते. आश्रयदात्यांचा तो अधिकार १८७४ मध्ये रद्द झाला, पण दोन्ही चर्च तेवढ्याने एकत्र आली नाहीत.