कडी केबिन बोट: १९ फुटी की १८ फुटी? रविवारपर्यंत टोकन द्यायचं आहे

काठावरचा (गुरुवार, रात्री ९.५०)
नमस्कार. दोन जुन्या कडी केबिन बोटी बघून ठेवल्यात, त्यातली एक ठरवायची आहे. मालक म्हणतो रविवारपर्यंत टोकन द्या, नाहीतर दुसरं गिऱ्हाईक उभं आहे. दोन्ही मुंबईत एकाच माणसाकडं आहेत.

एक १९ फुटी. स्टर्नड्राइव्ह (इंजिन बोटीच्या आत, पंख्याचा पाय मागं बाहेर), पेट्रोल. केबिन मोठी, आत दोघं आडवे होतील एवढी गादी, टॉयलेटचा डबा ठेवायला खण. ट्रेलरसकट साडेसहा लाख.
दुसरी १८ फुटी. मागे ११५ हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड, म्हणजे बाहेरून फळीला लावलेलं इंजिन. केबिन लहान, वाकून बसायपुरती. पाच लाख ऐंशी, ट्रेलर जुना.

माझा ओढा पहिलीकडं आहे. कोणती घेऊ तेवढं सांगा. "बोट कशाला, भाड्यानं फिरा" असं कृपया कुणी लिहू नका.

लातूरची_मी (गुरुवार, रात्री १०.०५)
कडी केबिन म्हणजे नेमकं काय? आमच्याकडं कडी दाराला असते. फोटो टाका ना.

तांडेल_अलिबाग (गुरुवार, रात्री १०.३१)
ताई, बोटीच्या पुढच्या डेकखाली जी बुटकी खोली असते ती कडी. उभं राहता येत नाही, बसता-झोपता येतं. पुढे निमुळतं होत गेलेलं अंथरूण असतं, त्याखाली सामान. मागचा भाग उघडा, तिथं सुकाणू आणि बाकडी. पुढचा भाग बसायला मोकळा ठेवलेली बोट असते ती बोरायडर. कडीत पुढची बैठक जाते, त्या बदल्यात आडोसा मिळतो.

धागाकर्ते, तुम्ही काहीच सांगितलेलं नाही. कुठं चालवणार? माणसं किती? ओढायला गाडी कोणती? तळाचा व्ही, म्हणजे मधून खाली निमुळता होणारा उतार, किती अंशाचा आहे? समुद्रात जाणार असाल तर मागच्या फळीपाशी, म्हणजे ट्रान्समपाशी, २० अंशांच्या खाली बघूच नका. कमी व्हीची बोट लाटेवर आपटते, माणसाचे मणके ढिले होतात.

काठावरचा (गुरुवार, रात्री १०.४४)
कुठं म्हणजे? नाथसागर, जायकवाडी धरणाचं पाणी. अजून कुठं! आमचं शेत पाण्याला लागून आहे, कायगावच्या अंगाला. गाडी बोलेरो. व्ही-बी काही माहीत नाही. समुद्राचा विषयच नाही हो.

जाळंवाला (गुरुवार, रात्री ११.२०)
दादा, आम्ही भोई. तीन पिढ्या याच पाण्यावर. तुम्ही कायगावकडून बोट घालायचं म्हणायलात, पण तिकडं पाणी किती दिवस असतं ते तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त ठाऊक. भादव्यात बांधाला लागलेलं पाणी मार्च-एप्रिलला कुठल्या कुठं जातं. मग काठ आणि पाण्याच्या मधी नुसता गाळ. त्यात माणूस मांडीपर्यंत रुततो, ट्रेलर काय घेऊन बसलात.

दुसरं, खाली शंभरावर गावं गेलेली आहेत. विहिरींची कठडी, भिंती, बाभळीचे बुंधे. पाणी उतरलं की हे सगळं पंख्याच्या उंचीला येतं, दिसत मात्र नाही. आणि जाळी. प्लॅस्टिकच्या बाटल्या तरंगताना दिसल्या की तिथं जाळं आहे असं समजा. पंख्यात नायलॉन गुंडाळलं की तुमचं इंजिन बंद, आमचं हजारोंचं जाळं गेलं. सांगून ठेवतो, नंतर वाद नको.

तांडेल_अलिबाग (शुक्रवार, सकाळी ७.१२)
जाळंवाले भाऊ बरोबर बोलतात. मग १९ फुटी बादच करा. स्टर्नड्राइव्हचा पाय खाली असताना बोटीला तीनेक फूट पाणी लागतं. पाय वर घेता येतो पण पूर्ण पाण्याबाहेर येत नाही. आउटबोर्ड पार वर उचलता येतं, अडकलेलं जाळं काठीनं ओढून काढता येतं. व्ही मात्र खोलच हवा, यावर मी ठाम आहे.

जाळंवाला (शुक्रवार, सकाळी ७.४०)
खोल व्ही कशाला? आमची होडी तळाला सपाट आहे, गुडघाभर पाण्यात जाते. तलावाला समुद्राचे नियम लावू नका.

तांडेल_अलिबाग (शुक्रवार, सकाळी ७.५८)
तलाव छोटा असता तर बोललो नसतो. नाथसागर भरला की पन्नास किलोमीटरच्यावर लांब पाणी असतं. धरणाची भिंत पूर्वेला, पैठणला. पावसाळ्यातला वारा पश्चिमेचा. म्हणजे एवढ्या लांबवरून आलेली लाट सरळ भिंतीच्या दगडी पिचिंगवर जाते. अशा उथळ पाण्यातली लाट आखूड आणि उभी असते, समुद्रातल्या लांब लाटेपेक्षा जास्त आदळते. पैठणकडं इंजिन बंद पडलं तर तुमची सपाट होडी त्या दगडांवर जाईल.

जाळंवाला (शुक्रवार, सकाळी ८.१०)
म्हणून तर जुलै-ऑगस्टात दुपारचं कुणी जात नाही. पहाटे जायचं, नऊच्या आत परत. हे पाणी पोट भरायला शिकवतं तसं घरी यायला पण शिकवतं.

पाणपक्षी_संभाजीनगर (शुक्रवार, सकाळी ९.३०)
सगळे बोट निवडायलेत, पण हे जायकवाडी पक्षी अभयारण्य आहे हे कुणीच लिहिलं नाही. १९८६ पासून आहे. वन्यजीव संरक्षण कायदा लागू होतो. मासेमारांच्या संस्थांचे परवाने ही वेगळी गोष्ट, खासगी मोटरबोट वन विभागाच्या लेखी परवानगीशिवाय नेता येणार नाही. नोव्हेंबर ते मार्च पट्टकादंब, तलवार बदकं, चक्रवाक, रोहित सगळे उथळ पाण्यातच असतात, म्हणजे बरोबर तुमच्या काठाला. ११५ हॉर्सपॉवरची मोटर एकदा गेली की अख्खा थवा उठतो. हजारो किलोमीटर उडून आलेल्या पक्ष्याला दिवसातून चारदा उठवलं तर तो खाणार कधी? मला यात मधला मार्ग दिसत नाही. आधी परवानगी, मग टोकन.

बीडचा_फोटोवाला (शुक्रवार, सकाळी ९.५१)
सर, रोहित यंदा कुठल्या काठाला जवळून दिसतील? माझ्याकडं ४०० ची लेन्स आहे.

पाणपक्षी_संभाजीनगर (शुक्रवार, सकाळी १०.०२)
पाणी किती उतरतं त्यावर आहे. जानेवारीअखेर पुन्हा विचारा, वेगळा धागा काढून.

रबरी_नाव (शुक्रवार, सकाळी ११.१५)
माझं ऐका, हवा भरायची रबरी बोट घ्या. घडी करून डिक्कीत. ट्रेलर नको, आरटीओ नको. मी येलदरीला चार वर्षं वापरतोय, एकदाही तक्रार नाही.

जाळंवाला (शुक्रवार, सकाळी ११.२२)
बाभळीच्या काट्यावर रबरी बोट?

रबरी_नाव (शुक्रवार, सकाळी ११.४०)
चांगल्या प्रतीचं कापड असलं की काटा सहज जात नाही. आणि आत वेगवेगळे कप्पे असतात, एक फुटला तरी बुडत नाही. तुम्ही वापरून बघितलीय का?

काठावरचा (शुक्रवार, दुपारी १.०५)
रबरी बोट नको आहे. केबिन हवी आहे. दोनच पर्याय आहेत, त्यातला एक सांगा. परवानगीचं बघतो मी, गावात ओळख आहे.

पाणपक्षी_संभाजीनगर (शुक्रवार, दुपारी १.१८)
ओळखीनं परवानगी होत नाही. लेखी अर्ज करा. शिवाय २०२१ चा अंतर्देशीय जलयान कायदा आहे, बोटीची नोंदणी आणि तपासणी त्याखाली येते. जुनी बोट घेताना मागच्या मालकाची नोंदणीची कागदं मागा. ती नसतील तर तिथंच थांबा.

गॅरेज_परभणी (शुक्रवार, दुपारी ३.४५)
मी ट्रॅक्टर आणि जनसेट दुरुस्त करतो, गेली सहा वर्षं दोन-तीन बोटींची इंजिनं पण हाताखालून जातात. कोणती घ्यायची ते नंतर. आधी काय बघायचं ते सांगतो, कारण मी स्वतः फसलोय. मित्रासोबत भागीदारीत एक बोट घेतली होती, विकणाऱ्यानं वरून चकाचक पॉलिश मारलं होतं. दोन महिन्यांनी मागची फळी हलायला लागली. फायबरच्या आतलं प्लायवूड कुजून चहात बुडवलेल्या बिस्किटासारखं झालं होतं. बोटीच्या किमतीच्या निम्मा खर्च नुसत्या त्या फळीला आला.

म्हणून रुपयाचं नाणं किंवा लाकडी मूठ घेऊन ट्रान्सम ठोकत जा. कोरडं लाकूड टणटण वाजतं. भिजलेलं ठप्प वाजतं, आवाज मरतो. आउटबोर्ड असेल तर पायावर खाली दाब द्या आणि फळीकडं बघा. केसाएवढी जरी हलली तरी सोडून द्या. केबिनमध्ये गादी उचलून खालच्या फळ्या दाबून बघा, तिथं वास आधी सांगतो.

मग गिअरचं तेल. खालचा स्क्रू ढिला करून चमचाभर काढा. दुधाळ दिसलं की पाणी शिरलंय, सील गेलेत. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, स्वतःच्या गेजनं मोजा, त्यांच्या शब्दावर नको. बोट खाऱ्या पाण्यात होती, गोड्या पाण्यानं धुतलेली नसेल तर आतले मार्ग गंजलेले असणार.

स्टर्नड्राइव्हला आणखी एक भानगड. इंजिन बंद खणात असतं. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, तळाला जमते. चावी फिरवायच्या आधी निदान चार मिनिटं ब्लोअर, म्हणजे वाफ बाहेर फेकणारा पंखा, चालवायचाच. घाईत माणूस हे विसरतो.

आपल्या पाण्यात गाळ आणि जलपर्णी. दोन्ही इंजिनं तलावाचंच पाणी ओढून थंड होतात. पंपातला रबरी इम्पेलर कोरडा चालला तर मिनिटभरात जळतो, त्यामुळं एक जादा कायम जवळ ठेवा.

बोलेरोचं म्हणाल तर १९ फुटी बोट, पेट्रोल आणि ट्रेलर मिळून पावणेदोन टनांच्या घरात जाईल. ओढेल हो, पण उतारावर थांबेल का? ट्रेलरला स्वतंत्र ब्रेक आहेत का विचारा. काळ्या मातीतून बोट पाण्यात सोडायला बोलेरो नेऊच नका, ट्रॅक्टर लावा. आणि लांबून आल्या आल्या ट्रेलर पाण्यात घालू नका. तापलेलं हब गार पाण्यात गेलं की पाणी आत ओढतं, बेअरिंग संपतं.

काठावरचा (शुक्रवार, सायंकाळी ६.२०)
गॅरेज काका, हे सगळं लिहून घेतलं. मनापासून आभार. पेट्रोल किती खाईल?

गॅरेज_परभणी (शुक्रवार, सायंकाळी ६.५२)
११५ पूर्ण दाबून चालवलं तर तासाला ४० लिटरच्या आसपास. सावकाश चालवलं तर निम्म्याहून कमी.

लातूरची_मी (शुक्रवार, रात्री ८.१०)
मला बोटीतलं कळत नाही, पण एक विचारू? तुम्ही सारखं केबिन हवी, केबिन हवी म्हणायलात. कशासाठी? मे महिन्यात आमच्या पत्र्याच्या खोलीत बसवत नाही. ते फायबरचं बुटकं खोकं उन्हात काय होत असेल?

काठावरचा (शुक्रवार, रात्री ९.३३)
ताई, सांगतो. माझ्या वडलांचं आजोळ नाथसागरात गेलं. ते तेव्हा शाळेत होते. आता ७१ वर्षांचे आहेत, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, ऊन सोसत नाही. आई बरोबर येणारच, तिला साखरेचा त्रास, तासाभरात लघवीला जावं लागतं. त्या जागेच्या वर नेऊन एकदा दोघांना बसवायचं, दुपारचं तिथंच जेवायचं, एवढंच मनात आहे. म्हणून सावलीची केबिन, म्हणून टॉयलेटचा खण. हे आधी लिहायला हवं होतं, मला ते इथं महत्त्वाचं वाटलं नाही.

लातूरची_मी (शुक्रवार, रात्री ९.४८)
हेच तर महत्त्वाचं आहे. मग गादी बघू नका, दार बघा. किती वाकावं लागतं, पाय खाली किती टाकावा लागतो, धरायला दांडा आहे का. गुडघ्याचं ऑपरेशन झालेला माणूस आत उतरेल, पण बाहेर कसा येईल? आईंना हलत्या बोटीत तिथं बसता येईल का? वडलांना सोबत घेऊन जा.

तांडेल_अलिबाग (शुक्रवार, रात्री १०.०७)
ताईंनी मुद्द्यावर बोट ठेवलं. अजून एक जोडतो. इंजिन चालू असताना म्हाताऱ्या माणसांना बंद केबिनमध्ये बसवू नका. वारा मागून असला की धूर उलटा आत येतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, नुसती झोप आल्यासारखं वाटतं. डोक्यावरचं झाकण उघडं ठेवा, बॅटरीवरचा अलार्म लावा. सावली पाहिजे तर मागच्या उघड्या भागावर कापडी छत टाका. वारा खेळतो, दोघं खुर्चीसारखे बसतात.

पैठणची_सून (शनिवार, सकाळी ८.००)
नाथषष्ठीला येऊ नका एवढं लक्षात ठेवा. गाडी लावायला जागा मिळत नाही.

काठावरचा (रविवार, रात्री ८.२५)
शुक्रवारी रात्री देवगिरीनं वडलांना घेऊन मुंबईला गेलो. टोकन दिलेलं नाही.

१९ फुटीच्या केबिनमध्ये वडील उतरले. मी हात दिला होता. आत गादीवर बसले, डोकं छताला टेकलं. दोन मिनिटांनी उठायचं म्हणाले, तर उजवा पाय पायरीवर घेताच येईना. शेवटी बूड टेकत टेकत मागं सरकले आणि मी काखेत हात घालून बाहेर काढलं. काही बोलले नाहीत, नुसता माझा खांदा धरून उभे राहिले. ट्रान्सम डाव्या अंगाला ठप्प वाजला. नाणं मी तीनदा वाजवून बघितलं.

१८ फुटीला फळी टणटणीत आहे. तेल स्वच्छ निघालं. कॉम्प्रेशन मोजायला मालकानं नकार दिला, म्हणाला आधी टोकन. मागच्या नोंदणीची कागदंही "देतो" म्हणतोय, दाखवली नाहीत. म्हणून परत आलो. उद्या वन विभागाकडं लेखी अर्ज टाकतो. परवानगी मिळाली तर १८ फुटी किंवा तसलीच दुसरी, मागच्या भागाला कापडी छत, आणि आईसाठी केबिनच्या दाराला पडदा लावून डबा दारातच, आत उतरायची गरज नको.

पाणपक्षी सर, तुमच्यावर चिडलो होतो. अर्जात मार्ग आणि वेग लिहू का?

पाणपक्षी_संभाजीनगर (रविवार, रात्री ८.५०)
जरूर लिहा. तारीख, वेळ, माणसं किती, कुठून कुठं जाणार, सगळं. मोटर हळू ठेवणार आणि थव्यापासून लांबून जाणार हेही लिहा. वडलांचं कारणही लिहा, लपवू नका. नकार आला तर इथं सांगा, मी सोबत येतो.

जाळंवाला (रविवार, रात्री ९.१५)
दादा, वडलांचं आजोळ कोणतं गाव ते मला निरोपात कळवा. आमच्या आज्याला बरीचशी गावं जागेवर दाखवता येतात, कुठं देऊळ, कुठं वेस. खोल भागात असलं तर मार्चपर्यंत वर दोन पुरुष पाणी राहतं, पंखा कशाला लागायचा नाही. जानेवारीतली सकाळ धरा. वारा पडलेला असतो, ऊनही कोवळं. आमची जाळी कुठं आहेत ते आदल्या दिवशी सांगतो.