मदत हवी आहे: बंडीच्या (बैलगाडीच्या) चाकाला चांदीची धाव, खरंच असेल का?

नमस्कार मंडळी,

प्रश्न येडपट वाटेल, पण दोन आठवड्यांपासून डोक्यातून जात नाही.

आमचे आबाजी हिंगणघाटकडले. त्यांच्या आज्याच्या तोंडची एक गोष्ट ते सांगायचे: एका साली कापसाला असा भाव आला, की गावच्या पाटलानं बंडीच्या चाकांवर लोखंडाऐवजी चांदीची धाव (चाकाभोवतीची पट्टी) चढवली. आम्ही पोरं हसायचो. चांदी नरम, आमच्या पांदणीत चार कोसही टिकली नसती!

परवा मुलीला घेऊन नागपूरच्या अजब बंगल्यात गेलो. हे संग्रहालय १८६३ सालचं. परतताना बर्डीवर रसाला थांबलो तेव्हा एकदम ट्यूब पेटली, हे तर अमेरिकेतल्या यादवी युद्धाचं ऐन मधलं वर्ष! ते युद्ध १८६१ ते १८६५. उत्तरेच्या आरमारानं दक्षिणेची बंदरं रोखली, कापूस अडला आणि इंग्लंडातल्या लँकेशायरच्या गिरण्या धडाधड बंद पडल्या. मग व्यापारी हिंदुस्थानी कापसावर तुटून पडले. आपल्या कापसाचा धागा आखूड, यंत्रावर सारखा तुटायचा. तिकडचे कामगार त्याच्या नावानं बोटं मोडायचे. हिंगणघाटचा बनी कापूस मात्र त्यातल्या त्यात उजवा मानला जाई. (त्याच भागातल्या मँचेस्टरच्या कामगारांनी पोटाला चिमटा बसत असतानाही गुलामगिरीविरुद्ध लिंकनला पाठिंब्याचं पत्र धाडलं. त्याचं उत्तरही आलं, जानेवारी १८६३ मध्ये. मला हे आत्ता कळलं.)

म्हणजे आबाजींच्या गोष्टीचं साल बहुतेक हेच. पण घोडं अडतं ते पुढे. आगगाडी नागपूरला पोचली १८६७ मध्ये, युद्ध संपल्यावर. तोवर माल बंड्यांतून आणि बैलांच्या पाठीवर. मग त्या भावातलं शेतकऱ्याच्या पदरात किती पडलं आणि अडत्या-सावकारानं मधल्या मधे किती गिळलं? १८६५ मध्ये भाव कोसळला तेव्हा मुंबईत प्रेमचंद रायचंदांसारखे बडे व्यापारी बुडाले, ते सगळीकडे वाचायला मिळतं. आमच्या वर्धेकडे कोण बुडालं, ते कुठं सापडेल?

हिंगणघाट, आर्वी, अमरावतीकडल्या कोणाच्या घरी शके १७८३ ते १७८७ च्या जमाखर्चाच्या वह्या असतील तर सांगा न. चांदीच्या धावेची गोष्ट आणखी कोणाच्या घरी ऐकली असेल तर तेही.

आणि मोडी वाचणारं कोणी नागपुरात आहे का? आमच्याकडे एक वही आहे. पहिली पानं उधईनं खाल्ली, साल गेलं. पण आत ‘कापूस’ हा शब्द मलाही ओळखू येतो, पानापानावर.