देवगडच्या खाजणात मत्स्यशेती: कोळंबी, कुर्ल्या (खेकडे) की जिताडा?

देवगडकर_डोंबिवली

नमस्कार. देवगड तालुक्यात खाडीला लागून आमचं वडिलोपार्जित तीन एकर खाजण आहे. आजोबा तिथे भात लावायचे. पुढे बांध फुटला, खारं पाणी आत आलं आणि तेव्हापासून जमीन पडून आहे. निम्म्या भागात आता कांदळवन उभं राहिलंय. मी डोंबिवलीत नोकरी करतो, धाकटा भाऊ गावी असतो. एका सल्लागाराने वनामी कोळंबीचा आराखडा करून दिलाय. कांदळ काढायची, दोन मोठी तळी खणायची, वर्षाला दोन पिकं घ्यायची, कर्ज दोन वर्षांत फिटेल म्हणतो. भावाचं घर चालेल आणि खाडीही बिघडणार नाही असं काही इथे करता येईल का? स्वतः करणाऱ्यांनी सांगितलं तर बरं होईल.

---

खाडीकाठची (मालवण तालुका)

दादा, कांदळीला हात लावू नका. जागा तुमच्या सातबाऱ्यावर असली तरी कांदळ तोडता येत नाही, उच्च न्यायालयाचा तसा आदेश आहे. आणि आदेश बाजूला ठेवला तरी, उधाणाच्या भरतीला तुमचा उरलेला बांध कोण धरून ठेवणार? तीच मुळं. कुर्लीची आणि माशांची पिल्लंही त्याच मुळांत वाढतात. जो माणूस आराखड्याच्या पहिल्याच ओळीत कांदळ काढायला सांगतो, त्याच्या पुढच्या आकड्यांवर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

आम्ही बचत गटातल्या बायका खाडीत कुर्ल्या आणि कालवं करतो. सिंधुदुर्गात वनखात्याचा कांदळवन कक्ष आणि संयुक्त राष्ट्रांची यूएनडीपी यांच्या प्रकल्पातून ही कामं गावोगाव आली, त्यातलंच आमचं एक. त्या अनुभवावरून सांगते: आधी जनावर निवडू नका, आधी पाणी बघा. आपल्या खाड्या वर्षभर एकसारख्या नसतात. एप्रिल-मेमध्ये पाणी समुद्राइतकं खारं असतं आणि मृग जोरात लागला की काही दिवसांत जवळजवळ गोडं होतं. वनामी कमी खारं पाणी सोसते, पण एका रात्रीत झालेला बदल तिला झेपत नाही. त्यात पांढऱ्या ठिपक्यांचा रोग आला तर तळं चार-पाच दिवसांत रिकामं होतं आणि कर्जाचा हप्ता मात्र तसाच राहतो. आमच्या पलीकडच्या काठावर हे घडलं. रोग लागलेलं पाणी त्यांनी तसंच खाडीत सोडलं. खालच्या अंगाला कुर्ल्या ठेवणाऱ्यांनी काय करायचं होतं?

कुर्ल्यांचं गणित सोपं आहे. नुकतीच कात टाकलेली कुर्ली बाहेरून मोठी दिसते, पण आत मांस नसतं, पाणी असतं. बाजारात तिला कोणी दर देत नाही. अशा कुर्ल्या आम्ही आमच्याच गावच्या मच्छीमारांकडून घेतो, एका खोक्यात एक ठेवतो आणि तीन-चार आठवडे खाऊ घालतो. एकत्र ठेवल्या तर एकमेकींना खातात, म्हणून खोका वेगळाच हवा. खाद्य म्हणजे जाळ्यातली बारीक मासळी, जी नाहीतर काठावर कुजते. पाठ अंगठ्याने दाबून बघायची. दबली नाही की भरली. तीच कुर्ली मग कितीतरी जास्त दराने जाते, कारण जिवंत भरलेल्या कुर्लीला हॉटेलवाले आणि निर्यातवाले दोघेही विचारतात. अंड्यांची मादी आणि लहान कुर्ली आम्ही घेत नाही, कोणी आणलीच तर परत सोडायला लावतो. यात तळं नाही, बांध नाही, पंप नाही. पैसा महिन्याभरात फिरतो, त्यामुळे एखादी खेप बिघडली तरी माणूस उठून उभा राहतो.

कालवांना तर खाद्यही लागत नाही. पाऊस गेल्यावर बांबूचा मांडव करायचा, जुन्या शिंपल्यांच्या माळा खाली सोडायच्या. पाण्यातलं खाऊन ती वाढतात आणि पाणी गाळतात. पावसाआधी काढायची, कारण गोड्या पाण्यात ती टिकत नाहीत. एवढंच बघा की जवळ गटार किंवा मोठी जेटी नको. कालव जे पाणी पितं तेच शेवटी ताटात येतं.

मासे पाळण्यात खाद्य हाच मोठा खर्च आणि खाद्य हीच मोठी घाण. जितकं कमी खाद्य घालावं लागेल तितका धंदा तुमच्या हातात राहील, असं माझं मत आहे.

---

खारेपाटवाला (पेण)

ताईंशी सहमत. बांध दुरुस्त होण्यासारखा असेल तर जिताड्याचा विचार करा. तुमच्याकडे त्याला चोणक म्हणतात. आमच्या पेण-अलिबागच्या खारेपाटात दारापुढच्या तळ्यात जिताडा ठेवायची रीत जुनी आहे. पावसात उघाडीच्या, म्हणजे बांधातल्या झडपेच्या, पाण्याबरोबर पिल्लं आत येतात, ती धरून तळ्यात सोडायची आणि सणाला किंवा पाहुण्याला काढायची. हा मासा खाऱ्यात जगतो आणि गोड्यातही, म्हणून कोकणातल्या पावसाला तो जमतो.

आता बीज विकत मिळतं. चेन्नईच्या सीबा (निमखाऱ्या पाण्यातल्या मत्स्यसंवर्धनाची केंद्रीय संस्था) या संस्थेने १९९७ मध्ये जिताड्याचं प्रजनन साधलं. तमिळनाडूतल्या राजीव गांधी मत्स्यसंवर्धन केंद्रातूनही बीज येतं. पण बोटाएवढी पिल्लं होईपर्यंत ती हाप्यात, म्हणजे पाण्यात बांधलेल्या बारीक जाळीच्या पिशवीत, ठेवा आणि दर आठवड्याला लहान-मोठी वेगळी करा. मोठं पिल्लू लहान्याला गिळतं. हे काम टाळलं तर तळ्यात मोजकेच जिताडे उरतात. तुमचा भाऊ रोज काठावर असणार आहे ना? नसेल तर सुरूच करू नका.

वर्षभरात साधारण किलोच्या आसपास जातो. मी पावसात पिल्लं सोडतो आणि पुढच्या जून-जुलैत काढतो. तेव्हा बोटी बंद असतात, बाजारात ताजा मासा कमी असतो आणि श्रावण अजून लागलेला नसतो. वर्षातला सगळ्यात चांगला दर मला याच आठवड्यांत मिळतो.

---

मत्स्यविद्यार्थी_रत्नागिरी

कागदांचं थोडं सांगतो. भरतीरेषेपासून दोन किलोमीटरच्या आत खाऱ्या किंवा निमखाऱ्या पाण्यात संवर्धन करायचं तर २००५ च्या कायद्याप्रमाणे तटीय मत्स्यसंवर्धन प्राधिकरणाकडे नोंदणी लागते. ती नसेल तर अनुदान आणि विमा दोन्हीकडे अडतं. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने किनाऱ्यावरच्या कोळंबी तळ्यांवर जो कडक निकाल दिला, त्याच्यामागे शेतं खारट होणं आणि कांदळवन तुटणं हीच कारणं होती. त्यामुळे या बाबतीत तपासणी सैल असेल असं समजू नका.

प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत सर्वसाधारण गटाला खर्चाच्या ४० टक्के आणि महिला, अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के साहाय्य आहे. ते धरून कर्जाचा हप्ता बसवू नका, हातात यायला वेळ लागतो. गावात कांदळवन सह-व्यवस्थापन समिती असेल तर कांदळवन प्रतिष्ठानाच्या उपजीविका योजनेत गटाला ९० टक्क्यांपर्यंत मदत मिळते. भावाने जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात आणि वनखात्याच्या कांदळवन कक्षात, दोन्हीकडे जाऊन यावं. खणण्याआधी माती तपासून घ्या. चिकण असेल तर पाणी धरेल, खाली जांभा लागला तर तळं गळत राहील.

---

देवगडकर_डोंबिवली

सर्वांचे मनापासून आभार. सल्लागाराला नकार कळवलाय. भावाशी बोललो, त्याला कुर्ल्यांचं पटलंय. खोकी आमच्या खाजणातच ठेवायची की बाहेर खाडीत? आणि सुरुवात कधी करावी?

---

खाडीकाठची (मालवण तालुका)

कांदळ सोडून उरलेल्या भागात भरतीचं पाणी रोज येत-जात असेल तर तिथेच ठेवा, चोरीची भीती कमी. मात्र भांगाच्या दिवसांत, भरती सगळ्यात कमी असते तेव्हा, भावाला तिथे किती पाणी उरतं ते बघायला सांगा. गुडघाभर तरी हवं, नाहीतर उन्हात कुर्ली मरते. क्षारता मोजायचं छोटं यंत्र घ्या आणि उधाणाला व भांगाला आकडा वहीत लिहीत चला, पुढे जिताडा करायचा झाला तरी ती वही उपयोगी पडेल. सुरुवात नारळी पौर्णिमेनंतर, पाण्याचा लाल गढूळपणा गेला की. पहिल्या खेपेला थोडीच खोकी ठेवा. आणि कुर्ल्या घ्यायच्या आधी विकत घेणारा ठरवा. भरलेली कुर्ली जास्त दिवस ठेवली तर ती पुन्हा कात टाकते, मग महिन्याचं खाद्य वाया. भावाला आमच्याकडे यायचं असेल तर सुकतीच्या (ओहोटीच्या) वेळी येऊ दे, तेव्हा सगळी खोकी उघडून दाखवता येतात.