सांगलीत बोअरच्या पाण्याला कोणता गीझर टिकेल?

विश्रामबागकर:
नमस्कार मंडळी. विश्रामबागेत तिसऱ्या मजल्यावर राहतो, बिल्डिंग चार मजली आहे. घरात आई-बाबा (दोघांनीही सत्तरी ओलांडली आहे), आम्ही दोघं आणि मुलगी. जुन्या गीझरची टाकी खालून गळायला लागली आहे. सोसायटीत नळाचं आणि बोअरचं पाणी एकाच टाकीत पडतं. बादलीच्या कडेला पांढरा थर धरतो, शॉवरची भोकं सारखी बुजतात. दुकानदार इन्स्टंट घ्या म्हणतो, शेजारचे काका गॅस गीझर सुचवतात, भाऊ सोलरच्या मागे लागला आहे. वापरून बघितलेल्यांनी सांगा. बजेट दहा-बारा हजार.

मिरजेची_ताई:
दादा, गॅस गीझर बाथरूममध्ये अजिबात बसवू नका. दार-खिडकी लावून आंघोळ चालू असली की आतला ऑक्सिजन कमी होतो आणि कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला ना रंग ना वास. आधी डोकं जड होतं, गरगरतं, आणि दार उघडायला जायच्या आत माणूस खाली पडतो. घरात वयस्कर माणसं आहेत, म्हणून कळकळीने सांगते. बसवायचाच असेल तर बाहेर, उघड्या गॅलरीत, आणि नळी आत. ती सोय नसेल तर विषय सोडून द्या.

सातारकर:
आमच्याकडे कास तलावाचं पाणी येतं, गीझर वर्षानुवर्षं न उघडता चालला आहे. त्यामुळे माझा अनुभव तुमच्या पाण्याला लागू करू नका. आधी पाणी तपासून घ्या. नुसत्या टीडीएस मीटरवर जाऊ नका, त्याने एकूण विरघळलेले क्षार कळतात. थर धरतो तो कॅल्शियम-मॅग्नेशियमचा, म्हणून लॅबमधून हार्डनेस काढून घ्या. पिण्याच्या पाण्याला लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत योग्य धरतात, दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. त्या वरच्या टोकाचं पाणी असेल तर कॉइलवर थर चढणार हे धरूनच चाला.

कुपवाडचा_वायरमन:
सातारकर साहेब बरोबर बोलले. अख्ख्या सांगली-मिरज-कुपवाडमध्ये गीझर कंपनीमुळे कमी आणि पाण्यामुळे जास्त मरतो.

तुमच्या घराला २५ लिटरचा, २ किलोवॅटचा स्टोरेज, म्हणजे पाणी तापवून साठवणारा, घ्या. ३ लिटरचा इन्स्टंट ३ किलोवॅट खातो आणि पाणी २० अंशांनी वाढवायचं तर मिनिटाला जेमतेम दोन लिटर देतो. म्हणजे थंडीत एक बादली भरायला आठ-नऊ मिनिटं. बाबांना तेवढा वेळ थंड फरशीवर उभं करायचं का? शिवाय त्याची टाकी एवढीशी आणि कॉइल अंगालाच लागून, जड, म्हणजे क्षारांच्या, पाण्यात थराने लवकर भरून येते. स्वयंपाकघरात भांड्यांसाठी इन्स्टंट ठीक आहे. २५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० वर न्यायला साधारण एक युनिट आणि अर्धा तास लागतो.

घेताना आतून काचेचा लेप असलेली टाकी बघा आणि अ‍ॅनोड रॉड आहे का ते विचारा. हा मॅग्नेशियमचा दांडा टाकीच्या ऐवजी स्वतः झिजतो. तुमच्या जुन्या गीझरचा उघडून बघा, नुसती तार उरलेली दिसेल. तो संपला की गंज टाकीला लागतो. तुमच्या पाण्याला दरवर्षी उघडून बघायचा, अर्ध्याहून जास्त झिजला असेल तर बदलायचा. त्याच वेळी कॉइल काढून थर खरवडायचा, राहिलेला सायट्रिक अ‍ॅसिडच्या पाण्यात सोडवायचा, टाकीच्या तळाचा गाळ धुऊन काढायचा. एमसीबी (बोर्डातला, जादा करंटला आपोआप पडणारा स्विच) पाडल्याशिवाय हात लावायचा नाही. परत जोडल्यावर गरम नळातून सलग पाणी येईपर्यंत बटण दाबायचं नाही. टाकी रिकामी असताना कॉइल तापली की जळालीच.

आता सगळ्यात महत्त्वाचं. टाकीतला दाब वाढला की तो सोडणाऱ्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून पाणी तापताना थेंब थेंब गळतं, ते गळायलाच हवं. एका घरी गळती थांबावी म्हणून व्हॉल्व्हला बूच मारलेलं मी स्वतः काढलं आहे. थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी पुरेसं तापलं की कॉइल बंद करणारा स्विच, अडकला असता तर वाफेने टाकी फुटली असती. व्हॉल्व्हला छोटी नळी लावून खाली सोडा, पण बंद करू नका.

गावभागातली_वहिनी:
वायरमनदादा, अर्थिंगचं पण सांगा ना. आमच्याकडे २०१९ च्या पुरानंतर मीटरपेटीपासून सगळं तपासून घ्यावं लागलं होतं.

कुपवाडचा_वायरमन:
बरी आठवण केलीत, वहिनी. १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट, २.५ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर, वेगळा एमसीबी आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळायला लागला की लगेच वीज तोडणारा स्विच. टेस्टर पेटला म्हणजे फेज आला एवढंच कळतं, अर्थिंगचं काही कळत नाही. ते मीटर लावून बघावं लागतं. पूर आलेल्या भागात तर बघाच.

विश्रामबागकर:
खूप आभार सगळ्यांचे. गॅस आणि इन्स्टंट दोन्ही रद्द. पण सोलरचं काय?

मिरजेची_ताई:
आमच्याकडे गच्चीवर काचेच्या नळ्यांचा आहे. उन्हाळा-हिवाळा बिल वाचतं, पण जुलै-ऑगस्टमध्ये आभाळ असलं की गीझर लावावाच लागतो. तुम्ही तिसऱ्या मजल्यावर, म्हणजे पाइपातलं गार पाणी आधी सोडून द्यावं लागणार. सोसायटीची गच्चीसाठी परवानगी लेखी घ्या. जड पाण्याला तांब्याच्या बारीक नळ्यांच्या प्लेटपेक्षा काचेच्या नळ्या बऱ्या, प्लेटच्या आतून लवकर चोंदतात. तुमच्या बजेटमध्ये आत्ता गीझरच घ्या.

विश्रामबागकर:
ठरलं, २५ लिटरचा स्टोरेज. थर्मोस्टॅट किती अंशांवर ठेवू?

कुपवाडचा_वायरमन:
५५ ते ६०. त्यावर नेलं की थर झपाट्याने धरतो. आणि आई-बाबांच्या बादलीत आधी गार पाणी, मग गरम.