काकांची लॉगबुके आणि नौदलाचा गणवेश: घरी ठेवावेत की संग्रहालयाला द्यावेत?

खाडीकाठ:
माझे दिवंगत काका नौदलाच्या ३१० स्क्वाड्रनमध्ये (विमानांच्या तुकडीत) अलिझे विमानावर ऑब्झर्व्हर, म्हणजे वैमानिकासोबत दिशा आणि टेहळणी सांभाळणारे अधिकारी होते आणि १९७१ साली विक्रांत या विमानवाहू नौकेवर होते. त्यांची लॉगबुके (उड्डाणांच्या नोंदवह्या), गडद निळा लोकरी कोट आणि डेकवर काढलेले काही फोटो काकूंनी आजवर जपून ठेवले आहेत. हे सारे गोव्यातील नेव्हल एव्हिएशन म्युझियमला द्यावे, कारण तेथे अलिझे उभे आहे, असे त्यांचे म्हणणे आहे. चुलत भावाला मात्र लॉगबुके घरातच राहावीत असे वाटते. कोटाच्या बाहीवरील सोनेरी पट्ट्या काळवंडल्या असून एका लॉगबुकाची शिवण सुटली आहे. निर्णय होईपर्यंत या वस्तूंची काळजी कशी घ्यावी, आणि संग्रहालयाच्या दृष्टीने यांतील खरोखर मोलाचे काय आहे?

सह्यकडा:
कोट प्रेक्षणीय असला, तरी माझ्या मते पहिला मान लॉगबुकांचा. १९९८ साली सुरू झालेल्या त्या संग्रहालयात अलिझे, सी हॉक, सी हॅरियर आणि एके काळी एअर इंडियाकडे असलेले सुपर कॉन्स्टेलेशन पाहता येते. पण शेजारच्या फलकावर विमानाची जात, इंजिन आणि सेवेची वर्षे यांपलीकडे फारसे काही मावत नाही. कोणत्या क्रमांकाचे विमान कोणत्या रात्री, कोणत्या कामगिरीवर, किती वेळ उडाले आणि सोबत कोण होते, हे लॉगबुकातील एकेका ओळीत असते.

अशा नोंदींनी काय साधते, याचे उत्तम उदाहरण लिबरेटर बॉम्बर विमानांचे आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटिशांनी कानपूरला निकामी करून टाकलेली ही विमाने हिंदुस्थान एअरक्राफ्टने दुरुस्त केली आणि भारतीय हवाई दलाने ती १९६८ पर्यंत वापरली. जगात आज शिल्लक असलेल्या मोजक्या लिबरेटरांपैकी अनेक भारताकडून गेलेली आहेत. ब्रिटनच्या हवाई दलाच्या आरएएफ म्युझियममधील केएन ७५१ हे त्यांपैकीच एक. ते १९४५ मध्ये हिंदी महासागरातील कोकोस बेटांवर ९९ स्क्वाड्रनकडे होते, हे आज सांगता येते ते क्रमांक आणि कागद एकमेकांशी जुळले म्हणून. नुसत्या रंगावर विसंबून चालत नाही. प्रदर्शनातील विमान पुन्हा रंगवताना दुसऱ्याच विमानाचा क्रमांक त्यावर चढल्याची उदाहरणे आहेत. म्हणून काकांच्या नोंदींतील विमान क्रमांकांची यादी आधी करा आणि संग्रहालयातील अलिझेचा क्रमांक तीत आहे का, ते पाहा. असल्यास त्या लॉगबुकाची जागा त्या विमानाशेजारीच आहे.

वाळवीचा_वैरी:
काळजीबद्दल लिहितो. कोट ड्रायक्लीनिंगला देऊ नका आणि बाहीवरच्या पट्ट्यांना ब्रासो तर मुळीच लावू नका. ही जरीची पट्टी बहुधा सोनेरी मुलामा असलेल्या तारेची असते. घासले की उरलासुरला मुलामाही जातो आणि पॉलिशची पांढरी पूड विणीत कायमची बसते. कोट तारेच्या हँगरवर टांगण्याऐवजी धुतलेल्या, खळ नसलेल्या मलमलीत सैल गुंडाळून आडवा ठेवावा आणि घड्यांत आम्लमुक्त कागदाच्या सुरळ्या घालाव्यात. प्लॅस्टिकच्या पिशवीत कोकणातला दमटपणा कोंडला जातो. डांबराच्या गोळ्या कापडाला टेकवू नयेत. काचेच्या कपाटात दिवा लावून कोट मिरवण्याचा मोह टाळावा, कारण संग्रहालयेही कापडावर साधारण ५० लक्सपेक्षा (लक्स हे प्रकाश मोजण्याचे एकक) जास्त प्रकाश पडू देत नाहीत.

लॉगबुकाच्या सुटलेल्या शिवणीला सेलोटेप लावू नका, पाने लॅमिनेट तर करूच नका. गंजलेल्या टाचण्या तेवढ्या अलगद काढा आणि पुस्तक सुती फितीने सैल बांधून ठेवा. कोऱ्या पानांसह प्रत्येक पान किमान ३०० डीपीआयने (दर इंचाला ३०० ठिपके) स्कॅन करावे, कारण समासातल्या सह्या, शिक्के आणि शेरे हीसुद्धा माहितीच असते. फोटोंच्या मागे बॉलपेनने नावे लिहू नका. मऊ पेन्सिल वापरा. डेकवरच्या माणसांपैकी काकू ज्यांना ओळखतात, त्यांची नावे याच आठवड्यात विचारून घ्या. स्कॅनिंग मागाहून करता येईल.

दप्तरदार:
सह्यकडा यांचे म्हणणे मान्य आहे, पण मूळ लॉगबुके लगेच देऊन टाकण्याची घाई करू नये. संग्रहालयात जागेअभावी बऱ्याच वस्तू मांडल्या न जाता साठ्यात राहतात. कायमची देणगी की ठरावीक मुदतीची उसनवारी, हे लेखी ठरवून घ्या. प्रत्येक वस्तूचे वर्णन आणि फोटो असलेल्या यादीवर दोन्ही बाजूंच्या सह्या असाव्यात आणि संग्रहालयाच्या नोंदवहीतील क्रमांक मागून घ्यावा. माझ्या ओळखीच्या एका कुटुंबाने दिलेली पदके पुढे कोणत्या कपाटात गेली, हे त्या संस्थेलाच सांगता येईना, कारण देताना कोणीच काही लिहून घेतले नव्हते. कोट आणि लॉगबुके वेगवेगळ्या ठिकाणी गेली, तर दोन्हीकडे एकमेकांचा उल्लेख राहील असे पाहा.

आणखी एक गोष्ट. वैयक्तिक लॉगबुकासोबत एखादा आदेश, नकाशा किंवा 'गोपनीय' शिक्का असलेला कागद निघाला, तर कितीही जुना असला तरी तो आंतरजालावर चढवू नका, नौदलालाच विचारा. संरक्षण मंत्रालयाच्या २०२१ च्या धोरणानुसार अभिलेख साधारणपणे २५ वर्षांनी खुले व्हावेत, असे ठरले आहे. पण त्यासाठी आधी तपासणी व्हावी लागते, ते आपोआप खुले होत नाहीत. काकूंच्या इच्छेचा मान राखायचा, तर कोट आणि निवडक फोटो आत्ता द्यावेत आणि लॉगबुकांच्या स्कॅन प्रती सोबत जोडाव्यात. मूळ लॉगबुके कधी द्यायची, ते काकू आणि तुमचे चुलत भाऊ मिळून ठरवतील.